आणखी काय सोडू?

“...मग आता आणखी काय सोडू, बुवा?”

कौतिकानं विचारलं तेव्हा सोमगिरी बुवा मठाच्या ओट्यावर चिंच फोडत बसले होते. चिंचोके एका बाजूला, गर दुसऱ्या बाजूला. त्यांनी वर पाहिलं नाही.

“आतापातूर काय काय सोडलंस?”

याच प्रश्नाची ती वाट बघत होती. ती सावरून बसली.

“गोड सोडलं. मग दूध-तूप सोडलं. मग रातचं जेवण. चातुर्मासात गहू सोडला, तो पुन्हा धरलाच न्हाई. सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी, दोन्ही एकादशी... ते तर पहिल्यापासनंच हायेत.”

“मग जेवतीस कधी?”

“मधल्या दिशी. दुपारी एकदा. चतकोर भाकर आन् पातळ आमटी.” तिनं जरा थांबून पुढं जोडलं, “तुमीबी एकदाच जेवता की.”

बुवांचा हात क्षणभर थांबला. मग पुन्हा चिंच फुटू लागली.

मठ सीनेच्या काठावर होता. लहानसा, गोसाव्यांचा. बुवा तिथं कधी आले हे गावात कुणालाच नीट सांगता यायचं नाही, आणि कौतिका त्यांच्याकडं कधीपासून येते हे मात्र सगळ्यांना माहीत होतं. ती लिंबाजीची बायको, बुवांचा अनुग्रह घेतलेली. तिच्या उपवासांचा गावात मोठा बोलबाला होता. आठवड्याला वार सातच आहेत म्हणून, नाहीतर कौतिकानं आठवाही धरला असता, असं बायका पाण्यावर म्हणायच्या. हे तिच्या कानावर आलं होतं. खरं सांगायचं तर तिला ते आवडलंही होतं.

पण ही नुसती हौस नव्हती.

तिच्या मागून लग्न होऊन आलेल्या जावांची पोरं मोठी होऊन कामाधंद्याला लागली, तरी कौतिकाच्या घरात पाळणा बांधला गेला नव्हता. दोनदा दिवस गेले होते. दोन्ही वेळा टिकलं नाही. दुसऱ्या खेपेनंतर तिनं मठातल्या धुनीपुढं बसून गोड खाणं सोडलं आणि पुढच्याच वर्षी तिला दिवस गेले. या वेळी ते राहिलं.

सोडलं म्हणून मिळालं, हे तिच्या मनात पक्कं बसलं. मग मिळालेलं टिकावं म्हणून आणखी सोडायला नको का?

आता सातवा लागला होता. नेसलेलं लुगडं जरा सैल सोडलं की कुणाला कळायचंही नाही. “बाई, वाटतच न्हाई गं सातवा!” असं कुणी म्हणालं की ती हलकंसं हसायची. सासूचंही म्हणणं हेच, की पोट हलकं राहिलं म्हणजे सुटका सोपी होते, लेकरू मोठं झालं की अडतं. घरात तिला जेव म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. लिंबाजी म्हणायचा, पण त्याचं कोण ऐकतंय!

“शिस्टर काय म्हनली?” बुवांनी विचारलं.

उपकेंद्रातल्या मोकाशे सिस्टर मधून मधून गावात यायच्या, पोटुशी बायकांना वजनकाट्यावर उभं करायच्या. कौतिकाच्या खेपेला काटा जागचा हलत नसे.

“शिस्टरला काय कळतंय व्रतातलं.”

“काय म्हनली ते सांग.”

“म्हनली, वजन वाढत न्हाई. दर महिन्याला वाढाया पायजे. आईच्या अंगाला लागलं न्हाई तर लेकराच्या कुठनं लागंल? डाळ खा, पालेभाजी खा, अंडं खा, गोळ्या घे.”

“मग?”

“मी म्हनलं, बाई, आमी बुवांच्या मठातली मानसं. आमचं वजन वाढत नसतं!”

ती हसली. बुवा हसले नाहीत.

“लेकरू हालतं का?”

कौतिकाची नजर खाली गेली. ओट्याच्या फरशीवर मुंग्यांची रांग चालली होती, तिच्याकडं ती बघत राहिली.

“हालतं...”

बुवांनी आता वर पाहिलं.

“आधी लई हालायचं. आता निवांत असतं. शहाणं हाय, बुवा. त्यालाबी आता उपास कळत असंल.”

बुवांनी हातातली चिंच खाली ठेवली.  ते उठले आणि हात धुवायला गेले.

कौतिकाला वाटलं, बुवांना कौतुक वाटलं असणार. पण मनाच्या तळाशी काहीतरी खुपलं. ते लेकरू निवांत झाल्यापासून ती स्वतःच निवांत नव्हती. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. पदराखाली हात घालून ती तासन् तास बसायची, आतून एखादी ढुशी बसते का याची वाट बघत. बसली की तिला रडू यायचं आणि नाही बसली तरी यायचं.

दुपटं शिवायला घेतलं नव्हतं. आधीच शिवलं की नजर लागते म्हणतात. आईचं एक जुनं, धुवून धुवून मऊ पडलेलं लुगडं होतं. ते ती पेटीतून काढायची, गालाला लावायची, पुन्हा घडी घालून ठेवायची. नाव तर तिनं मनातसुद्धा घेतलं नव्हतं. तिला ते मूल हवं होतं. जगात दुसरं काहीही नको होतं.

आणि भूक... भुकेचं तर विचारूच नका. डोहाळे सगळ्यांनाच लागतात, कौतिकाला उडदाच्या घुट्याचे लागले होते. डाळ घोटून केलेलं कढत घुटं, त्यात चुरलेली ज्वारीची भाकरी, वर लोण्याचा गोळा. शेजारी कुणाकडं फोडणी पडली की ती भिंतीपाशी जाऊन उभी राहायची आणि मग नामस्मरण करत मागं फिरायची. हा मोह, आणि आपण तो जिंकतो, असं ती समजत होती. जिंकल्यावर पोटात पिळा पडायचा, तोही तिनं पुण्यात धरला होता.

आत थाळी वाजली. मठाचा स्वयंपाक करणारे केरबा, बुवांच्याच वयाचे, पानं मांडायला लागले होते.

“चल,” बुवा म्हणाले. “हाक घाल.”

ही मठाची जुनी रीत. दुपारची पंगत बसली की एक पान जास्तीचं मांडायचं, पाहुण्याचं. त्यात सगळं वाढायचं. मग कुणीतरी उंबऱ्यावर उभं राहून बाहेर हाक घालायची. जो कुणी उपाशी असेल त्यानं यावं आणि त्या पानावर बसावं. वाटसरू असो, भिकारी असो, नाहीतर बायकोशी भांडून घरातून निघालेला गावातलाच कुणी असो. बुवा उठून त्याला हात जोडायचे. त्यानं पहिला घास घेतल्याशिवाय मठात कुणी पानाला हात लावत नसे. कुणी आलंच नाही तर ते पान गाईपुढं जायचं आणि मग पंगत सुरू व्हायची.

कौतिका मठात असली की हाक तिची. तिचा आवाज मोकळा, खणखणीत, नदीपलीकडच्या मळ्यात ऐकू जाणारा. हाक घालून झाली की ती भिंतीला टेकून बसायची आणि बाकीच्यांना जेवताना बघायची. स्वतः न जेवता दुसऱ्याचं जेवण बघणं ही तिची साधना होती. निदान ती तसं सांगायची.

ती आत गेली आणि जागीच थबकली.

केरबांनी नेमकं आज घुटं केलं होतं. लसूण घातलेलं, वाफाळणारं. तिनं पदर नाकाला लावला आणि उंबऱ्याकडं वळली.

“कुणी उपाशी हाय का? या हो... पान मांडलंय!”

नदीवरून आवाज परत आला. पलीकडच्या काठावर एका मेंढपाळानं काठी वर करून हलवली. जेवलो, म्हणाला. रस्त्यावर कुणी नव्हतं.

“कुणी न्हाई, बुवा.”

केरबा पाहुण्याचं पान उचलायला वाकले.

“ऱ्हाऊ द्या,” बुवा म्हणाले. “उपाशी हाय कुनीतरी.”

केरबांनी कमरेवर हात ठेवले. “अवो बुवा, हिची हाक पार शिवंपातूर गेली. कुनी असतं तर आलं नसतं व्हय?”

“समद्या उपाशी मानसांला वरडून सांगता येत न्हाई, केरबा.” मग ते कौतिकाला म्हणाले, “पुन्हा घाल.”

तिनं पुन्हा हाक घातली. या वेळी चारी दिशांना तोंड करून. मग तिला वाटलं, खरंच कुणी म्हातारंकोतारं कुठं पडलं असेल, आणि बुवांना ते आतून कळलं असेल. ती पायऱ्या उतरून घाटावर गेली. धुणं धुणाऱ्या बाईला विचारलं. मठाच्या मागं जाऊन आली, चिंचेखाली बघून आली, गोठ्यातही डोकावली. परत पायऱ्या चढताना तिच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. तिनं खांब धरला आणि अंधारी ओसरेपर्यंत तशीच उभी राहिली.

पंगतीत बसलेले मठातले म्हातारे हात मांडीवर ठेवून तिच्याकडं बघत होते. वाढलेलं घुटं निवत चाललं होतं, त्यावर साय धरायला लागली होती.

“खरंच कुणी न्हाई, बुवा. मी समदीकडं बघितलं.”

“समदीकडं?”

“समदीकडं.”

  बाहेर गाय एकदा हंबरली.

मग बुवा उठले. त्यांचे गुडघे दुखत, उठणं सोपं नव्हतं. केरबा हात द्यायला पुढं आले तर त्यांनी नको म्हणून मान हलवली. भिंत धरत धरत ते उंबऱ्यापर्यंत गेले.

कौतिकानं मान खाली घातली. आपली हाक कमी पडली आणि गुरूला उठावं लागलं, याची तिला लाज वाटली.

बुवा उंबऱ्यावर उभे राहिले. पण त्यांनी बाहेर तोंड केलं नाही. नदीकडं, रस्त्याकडं, सगळ्या गावाकडं पाठ करून ते तिच्यासमोर उभे राहिले.

त्यांनी हात जोडले. कुणाही पाहुण्यापुढं वाकायचे तसे कमरेतून वाकले. आणि घरात कुणी झोपलेलं असावं, ते दचकू नये, इतक्या हळू आवाजात म्हणाले,

“कुनी उपाशी हाय का? ... या. पान मांडलंय.”

कौतिकानं मागं वळून पाहिलं. मागं भिंत होती.

तिनं उजवीकडं पाहिलं, डावीकडं पाहिलं. पुन्हा बुवांकडं पाहिलं. बुवांचे डोळे तिच्या चेहऱ्यावर नव्हते. जरा खाली होते.

तिचा हात आपोआप पदराखाली गेला.

 केरबांनी तोंड फिरवलं आणि उगाच चूल सारखी करायला लागले.

“बुवा...” तिचा तो खणखणीत आवाज कुठल्या कुठं गेला होता. “पर मी सोडलंय...”

“तू सोडलंस.” बुवांचे हात अजून जोडलेलेच होते. “त्यानं कधी सोडलं?”

कौतिकाकडं प्रत्येक गोष्टीला उत्तर असायचं. सासूला, सिस्टरला, लिंबाजीला, साऱ्या गावाला तिनं उत्तरं दिली होती. 

“मी... मी त्याच्यासाठीच तर...”

“त्याला इचारलंस?”

तिची नजर पदराखालच्या हाताकडं गेली.

“कुठनं आलं असंल, किती वाट तुडवून आलं असंल, देवाला ठावं. तुझ्या दारात येऊन बसलंय. आन् तू त्याला उपास शिकवतीस.”

“तुमीबी एकदाच जेवता...” ती म्हणाली. पण हे तिनं अगदी बारीक आवाजात म्हटलं, वाद घालायचा म्हणून नव्हे, नुसतं धरायला काहीतरी हवं म्हणून.

“मी एकला हाय,” बुवा म्हणाले.

कौतिका मटकन खाली बसली आणि रडायला लागली. मठात तिला रडताना कुणी कधी पाहिलं नव्हतं. दोन खेपा वाया गेल्या तेव्हाही ती इथं कोरड्या डोळ्यांनी आली होती, धुनीला नमस्कार करून गेली होती. आता ते सगळं बाहेर आलं. पंगतीतल्या म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या. आपापल्या पानाकडं बघत ते बसून राहिले. कुणी तिला गप्प राहा म्हणालं नाही, की डोळे पूस म्हणालं नाही.

रडं ओसरलं तशी ती उठली. पाहुण्याचं पान बुवांच्या पानाच्या उजव्या हाताला होतं. त्या जागी तिनं कितीतरी जणांना बसवलं होतं, स्वतः कधी बसली नव्हती. ती बसली.

“लेकरू निवांत झालंय म्हनलीस,” बुवा शेजारी टेकत म्हणाले. “जेवन झालं की ते शिस्टरला जाऊन सांग. आजच. लिंबाजीला संगं घेऊन जा. मला सांगितलंस तसं नगं सांगू. खरं सांग.”

तिनं मान हलवली.

“आन् ती म्हनंल तसं करायचं. माझं नाव सांगून तिला वाटंला लावू नगंस.”

यावर मात्र ती शरमेनं लाल झाली.

केरबांनी गार झालेलं घुटं काढून घेतलं आणि चुलीवरच्या भांड्यातलं गरम वाढलं. भाकरी वाढली. तांदुळज्याची भाजी वाढली. तूप घालायला ते जरा कचरले, तिच्याकडं पाहिलं. ती काही बोलली नाही. त्यांनी हात सैल सोडून तूप घातलं.

तिनं भाकरी चुरली.  पहिला घास तिनं तोंडाशी नेला आणि डोळे मिटले.

लसणाचा वास, उडदाचा तो बुळबुळीत गोडवा, तुपाचा ओशटपणा... किती महिन्यांनी! तो घास तिला गिळवेना, कारण गिळला की संपणार होता. शेवटी गिळला. मग दुसरा घेतला. मग तिनं कुणाकडं पाहिलंच नाही. खाली मान घालून ती जेवत राहिली, आणि डोळ्यांतून पाणी येतच होतं, ते पानात पडत होतं, तिला त्याचं भान नव्हतं.

तिनं पहिला घास घेतला तसे पंगतीतले हातही पानाकडं गेले. बुवांनीही आपली भाकरी मोडली. मठात जेवणाचे आवाज सुरू झाले.

केरबांनी दुसरी भाकरी आणली. तिनं नको म्हटलं नाही.

अर्धी भाकरी संपली असेल. घास उचललेला तिचा हात मधेच थांबला. ती तशीच बसून राहिली, हातातल्या घासाकडं बघत. चेहऱ्यावरचा रंग उतरला होता.

“काय झालं?” केरबांनी विचारलं.

ती त्यांच्याशी बोलली नाही. तिनं बुवांकडं मान वळवली. इतके दिवस जे धाडस तिचं स्वतःपाशीही झालं नव्हतं, ते तिनं केलं.

“बुवा... सोडलं म्हनून आलं. आता खाल्लं... आन् तरीबी गेलं तर?”

 पंगतीत पुन्हा सगळे हात थांबले होते. बुवा तिच्याकडं बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी लपवले नाहीत.

मग त्यांनी लोण्याची वाटी ओढून घेतली आणि गोळा तिच्या भाकरीवर ठेवला.

“तर रडू, लेकी. तुझ्यासंगं मीबी रडंन...” ते म्हणाले. “आत्ता पाहुना जेवतोय. मधी बोलू न्हाई.”